दिघ्यांच्या मोटरसायकलला जागा मिळणेबाबत

विषय : सोसायटीच्या आवारात अॅडव्हेंचर टुरिंग मोटरसायकलसाठी कायमस्वरूपी जागा मिळणेबाबत.
संदर्भ : श्री. दिघे यांची लेखी विनंती एक. तोंडी विनंत्या जिन्यात भेट होईल तितक्या.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, किस्से कुणी जमवायला जात नाही. वरच्या मजल्यावरच्या माणसाने हिमालय ओलांडणारी मोटरसायकल घेतली आणि आपण त्याच्या खाली राहत असलो, की ते जिन्याखालच्या रद्दीसारखे साठत जातात. निवृत्त कारकून म्हणून सोसायटीचं चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलेलं, त्यामुळे ही रद्दीही माझ्याच ताब्यात!

उलव्याला विमानतळासाठी डोंगर फोडत होते, त्या सुमाराची गोष्ट. दिघे विमा कंपनीत अधिकारी. जन्मभर लोकांच्या ‘रिस्क’वर शेरे मारलेल्या या माणसाला पन्नाशी उलटल्यावर अॅडव्हेंचरचा झटका आला. खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये स्कूटर्स आधीच खांद्याला खांदा लावून उभ्या. त्यांच्या रांगेत ही गाडी घुसली, दोन्ही बगलांना अॅल्युमिनियमच्या पेट्या घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर अर्धी रांग आडवी!

आमचे चेअरमन म्हात्रे मूळचे बेलपाड्याचे. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, “दिघेसाहेब, ही गाडी हाय का म्हैस? आमच्या गोठ्यात म्हशीपण येवढी जागा अडवत नव्हत्या!”

आणि फर्मान सुटलं. पुढच्या सभेत जागा मंजूर झाली तर ठीक, नाहीतर गाडी गेटबाहेर. दिघ्यांचं म्हणणं, गेटबाहेर ठेवण्यापेक्षा विकलेली बरी, कारण तिथे सकाळी फक्त नंबरप्लेट सापडेल. तेव्हापासून त्यांचा चेहरा ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखा झाला.

*

गाडीच्या सुखसोयींबद्दल मात्र ते भरभरून बोलत. “भाऊसाहेब, हँडलच्या मुठी गरम होतात. बटण दाबा, थंडीत बोटं गारठत नाहीत!”

पनवेलची थंडी म्हणजे पंखा पाचावरून तीनवर आणणे. तरीही मी मान डोलावली.

ऑक्टोबरच्या उन्हात एसटी स्टँडसमोर ते बटण चुकून दाबलं गेलं. गाडीने पेट घेतला असं समजून दिघ्यांनी गाडी कडेला टाकली आणि ते पळत सुटले. पाणी घेऊन चार जण धावले. घरी येऊन त्यांनी हे सगळं वहिनींना, म्हणजे सौ. दिघ्यांना, सांगितलं.

वहिनी शाळेत शिकवतात. शांतपणे म्हणाल्या, “बंद कशाला केलंत? दोन पापड भाजून झाले असते.”

*

गाडी घेताना दिघ्यांनी वहिनींना शब्द दिला होता, आपण दोघं लेहला जाऊ. आजवरची सर्वांत लांबची मजल खोपोलीपर्यंत.

याला कारण मागची सीट. ती इतकी उंच, की वहिनींना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरूनच चढता येतं. उतरायलाही तसाच ओटा लागतो. जिथे ओटा नाही, तिथे वहिनी नाहीत!

एकदा बेलपाड्याला म्हात्र्यांच्या पुतण्याच्या लग्नाला हे दोघं गाडीवरून गेले. मांडवाजवळ सगळं सपाट मैदान. दिघे ओट्यासारखं काही मिळतंय का ते शोधत मांडवाला चकरा मारू लागले. लोक येऊन वहिनींना खालूनच नमस्कार करत होते. कुणीतरी सरबतही वर दिलं.

शेवटी म्हात्र्यांनी खुर्ची पाठवली. तोवर नवरदेव घोड्यावरून उतरला होता, वहिनी अजून वरच होत्या.

*

पेट्यांचा मोठा गवगवा. आत पाण्याचा थेंब जाणार नाही, धुळीचा कण जाणार नाही! मे महिन्यात एका रविवारी दिघ्यांनी पनवेलच्या मच्छी बाजारातून बोंबील घेतले, पेटीत ठेवले आणि विसरले. गुरुवारी पेटी उघडली. बाहेरचं आत जात नाही, हे खरंच होतं. आतलंही बाहेर गेलं नव्हतं.

तळमजल्यावरच्या खिडक्या दोन दिवस बंद राहिल्या. म्हात्र्यांनी तक्रारीची नोंद करायला लावली.

पुढच्या रविवारी दिघे त्याच कोळणीकडे गेले. तिने पेटी वाजवून पाहिली, झाकण उघडून मिटून पाहिलं आणि विचारलं, “दादा, विकायची हाय का? बर्फ धरंल झकास.”

दिघे फुशारले. “मावशी, ही गाडी साडेचार...”

“गाडी नको वो. डबा बोला!”

*

सभा जवळ आली तसा दिघ्यांनी मुद्दा काढला, “ही नावालाच दुचाकी आहे. मला कारची जागा द्या.”

हाच मुद्दा त्यांनी आधी कळंबोलीला वापरून पाहिला होता. घरापासून हाकेच्या अंतरावर एक्सप्रेसवे सुरू होतो आणि तिथे दुचाकींना बंदी. खंड ओलांडायला बनवलेल्या गाडीचा हा अपमान दिघ्यांना सोसेना. अंगात चिलखतासारखं जॅकेट, गुडघ्यांवर ढाली, अशा थाटात ते तोंडाशी पोचले. हवालदाराने अडवलं.

“काका, बोर्ड वाचता येतो ना?”

“ही साधी दुचाकी नाही!”

हवालदाराने वाकून गाडीखाली पाहिलं. “मग बाकीची चाकं कुठायत?”

*

सभा झाली. दिघे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. गाडीच्या क्षमतेवर बराच वेळ बोलले. सदस्य जांभया देत होते. अखेर म्हात्रे म्हणाले, “द्या त्यांना पाण्याच्या टाकीमागची जागा. निदान रोज तोंड तरी दिसनार नाय. कुनाची हरकत?”

हरकत कुणाचीच नव्हती. दिघ्यांचे डोळे भरून आले. मी शेरा मारायला अर्ज हातात घेतला आणि सवयीने खालची सही पाहिली.

“दिघेसाहेब, अर्ज सभासदाचा लागतो.”

“मग मी कोण?”

“फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?”

दिघ्यांनी वर आपल्या मजल्याकडे पाहिलं. म्हात्रे खोकल्याच्या निमित्ताने तोंड फिरवून हसले.

आम्ही दोघं वर गेलो. वहिनी नारळ खवत होत्या. हात पुसून त्यांनी चष्मा लावला, अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि मिठाच्या बरणीखाली ठेवला.

“अगं, फक्त सही करायची आहे!”

“असं कसं? घरच्या सभेत ठेवायला हवा.”

“मग घे ना सभा. आत्ता घे!”

“कोरम नाही. लेक दिवाळीला पुण्याहून येईल, तेव्हा बघू.”

म्हात्र्यांनी मुदत दिवाळीपर्यंत वाढवली. दिवाळी झाली. नंदिनी आली, फराळ करून गेली. गाडी टाकीमागे तात्पुरती उभी आहे. अर्ज सौ. दिघे यांच्याकडे प्रलंबित आहे.