गादीतली गाठ

आमच्या गावाला ताप आला की डोकं आधी जातं. हे मी रागानं लिहितेय, आणि राग अजून उतरलेला नाही.

तापीकाठचं आमचं गाव. केळी, ऊस, कापूस, सगळं भरपूर. शिकलेली माणसंही भरपूर. तरी दोन पावसाळ्यांमागे भादव्यात घरटी एक माणूस तापानं पडलं आणि या शिकलेल्या गावानं जे काही केलं ना, ते आठवलं की अजून माझं पित्त खवळतं.

ताप साधा नव्हता, हे कबूल. सांधे असे धरायचे की माणसाला परसाकडे जायलाही धरून न्यावं लागायचं. माझे मिस्टर आठवडाभर कण्हत होते. शहाद्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "डासांचा ताप आहे. घरात साठलेलं पाणी ओतून द्या. कूलर उन्हाळ्यापासून तसाच भरलेला असेल, तो आधी रिकामा करा." ऐकणाऱ्या प्रत्येकानं मान डोलावली. घरी येऊन गोळ्या घेतल्या आणि त्याच कूलरच्या शेजारी खाट टाकून झोपले. मी गल्लीत दारोदार सांगत फिरले, तर म्हणे, "करतो वहिनी, केळी कापायचा हप्ता संपू द्या." डास काय तुमचा हप्ता संपायची वाट बघणार आहेत?

मग गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक आवाज आला. कुणाचा, कुठला, देव जाणे. रडवेल्या सुरात एक माणूस सांगत होता, की त्याच्या गावात गाद्या उसवल्या तर आत काळ्या गाठी निघाल्या. ज्या घरात गाठ, त्या घरात ताप. आणि गाठी घालतो तो पिंजारी, मुसलमान, त्यांच्या माणसांना वरून तसं सांगितलेलं असतं. वरून म्हणजे कुठून, ते त्यानं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. ज्या लोकांना डॉक्टरचं दोन मिनिटांचं बोलणं लक्षात राहिलं नाही, त्यांना हा आवाज तोंडपाठ झाला.

आमच्या गावात पिंजाऱ्याचं घर एकच. एसटीच्या थांब्याला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये कापूस पिंजायचं मशीन, मागे दोन खोल्या. चाचा पिंजतो, चाची दाभणानं टाके घालते. दोघं इथलीच. चाचीची अहिराणी तर माझ्यापेक्षा चांगली, आम्ही गुजर, आमच्या घरात निम्मी गुजरी बोली चालते. दर चैत्रात गावभरच्या गाद्या तिच्या ओट्यावर जातात आणि टुम्म फुगून परत येतात. त्या चैत्रातही गेल्या होत्या. चैत्रात पिंजलेल्या गादीनं भादव्यात ताप कसा येतो, याचा हिशेब मला अजून कुणी समजावून दिलेला नाही.

समोरच्या काकूंच्या मुलानं पहिली गादी फाडली. सकाळची वेळ. मी चहा गाळत होते आणि अंगणातून ओरडा ऐकू आला, "निंघनी! गाठ निंघनी!"

निघणारच, बाबांनो! निघणार नाही तर काय होईल?

इथे जरा थांबून सांगायला हवं. आमच्या गुजर घरांत मुलीला लग्नात गादी देतात. ती भरताना मुलीची आई आपल्या नेसत्या लुगड्याचा तुकडा फाडते, त्यात हळकुंड, सुपारी आणि घरच्या गव्हाचे चार दाणे बांधते आणि उशाकडच्या कोपऱ्यात कापसात खोल ठेवून देते. लेक परक्या घरी झोपेल तेव्हा डोक्याखाली माहेर असावं, म्हणून. हे पुरुषांना सांगत नाहीत. लपवायचं काही नसतं, सांगण्यासारखंही काही वाटत नाही. पिंजाऱ्याला मात्र प्रत्येक बाई बजावते, "चाचा, गाठ हरवू नका हं." आणि तो प्रत्येक वेळी गाठ बाजूला काढतो, कापूस पिंजतो, आणि चाची ती होती तिथं परत ठेवून टाके घालते. माझ्याही गादीत होती. पुढे आम्ही फोमची गादी आणली तेव्हा मी ती काढून देवघरात ठेवली. आजकालच्या सुनांना माहेरून फोमच येतो, त्यांना यातलं काही ठाऊक नाही.

मी चहा तसाच टाकून समोर गेले. अंगणात कापूस उधळलेला, मधोमध गाठ, तिच्याभोवती निम्मी गल्ली, आणि हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. मी म्हटलं, "अरे, ही शकुनाची गाठ आहे. तुझ्या आजीनं तुझ्या आईला दिलेली. विचार आईला."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघितलं.

मला वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. तोवर गल्लीतल्या पुढच्या घरी गादी फाटली, मग त्याच्या पुढच्या. जिथं तिथं गाठ. तीस-चाळीस वर्षांचं तेल आणि धूळ खाऊन फडकी काळीकुट्ट झालेली, म्हणून "काळी गाठ, काळी गाठ" असा एकच गिल्ला. आणि प्रत्येक दारात एकेक म्हातारी तोंडाला पदर लावून उभी. सगळ्यांना माहीत होतं. एकीनं तोंड उघडलं नाही. पोरांनी गाठी काठीनं ढकलत पारापाशी नेल्या, रॉकेल ओतलं आणि पेटवून दिल्या. आपल्या आज्यांनी बांधलेली हळद आपल्या हातानं जाळली आणि वर शौर्य केल्यासारखे फोटो काढले.

आमच्या घरी फोमच्या गादीवर झोपलेला माणूसही तापानं फणफणत होता. मी ओरडून सांगितलं, "माझ्याकडे कापूसच नाही, मग माझ्या नवऱ्याला ताप कुणी दिला?" काकूंचा मुलगा म्हणाला, "वहिनी, तुम्ही यामा पडू नका. मन्हा पोऱ्या तापमा तडफडी ऱ्हायना, अन् तुम्हले पिंजारीना पुळका ऊना!"

मग कुणीतरी म्हणालं, चला थांब्याकडे. काहीजण पुढे निघालेही. त्या दोन खोल्यांत चाचा, चाची आणि त्यांची बाळंतपणाला आलेली लेक होती. ही पोरं वाईट नव्हती हो. याच पोरांची साखरपुड्यातली, लग्नातली जेवणं मी वाढलेली. पण त्या घटकेला त्यांच्या डोळ्यांत बघितलं तर ओळखीचं कुणी दिसेना.

मी काकूंच्या गादीतली गाठ उचलली. ती अजून अंगणातच पडलेली होती, कारण काकूंचा मुलगा दुसऱ्यांच्या गाठी जाळण्यात गुंतला होता. त्याच्याच कूलरच्या टाकीत, डासांच्या अळ्या वळवळत होत्या त्या पाण्यात, मी ती बुचकळली आणि खसाखसा चोळली. मळ निघाला. खालून हिरवं सुती लुगडं आणि लाल काठ दिसायला लागला. हळकुंडाचा पिवळा डाग माझ्या बोटांना लागला. ते फडकं मी काकूंच्या तोंडासमोर धरलं आणि विचारलं, "हे लुगडं कोणाचं?" माझा आवाज फाटला होता. वयानं मोठ्या बाईवर मी आयुष्यात कधी अशी ओरडले नव्हते.

काकूंनी काठावरून बोट फिरवलं. मग तिथंच उंबऱ्यात बसल्या.

"मन्ही मायनी गाठ शे ती," त्या म्हणाल्या. "तिनंच बांधेल शे. पिंजारी काय करी?"

माझा आवाज ऐकून पारावरून परतलेला मुलगा खेकसला, "मंग इतला येळ बोलनी का नही?"

"मी सांगसू तर मालेच डाकीन म्हणतीन ना!"

गाठ मी ठेवली असं जी म्हणेल, तीच करणी करणारी ठरेल, या भीतीनं गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या गप्प राहिल्या होत्या. आपल्यावर येण्यापेक्षा पिंजाऱ्यावर जाऊ दे. मला त्यांची कीव आली आणि तितकाच संतापही आला. आपल्याच पोरांची एवढी भीती वाटते, आणि ती वाटते तेही बरोबर!

काकूंनी तोंड उघडल्यावर एकेक करत बाकीच्याही बोलल्या. मुलगा धावत थांब्याकडे गेला आणि पोरांना मागे घेऊन आला. तोवर त्यांनी मशीन आडवं पाडलं होतं, शेडचा पत्रा चेपला होता. दाराला आतून कडी होती, ती मोडायची तेवढी राहिली. संध्याकाळी ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रासकट मेसेज आला, "गैरसमज दूर झाला आहे, सर्वांनी शांतता राखावी." कुणाचा गैरसमज? शांतता कुणी मोडली होती? काही नाही. त्याखाली सगळ्यांचे अंगठे. थांब्यापर्यंत चालत जाऊन दोन शब्द बोलायला एकाचेही पाय वळले नाहीत.

आणि मग गावाला पाठ टेकायची पंचाईत झाली. तापाची माणसं उघड्या खाटेवर, गल्लीभर कापूस उडतोय, गाद्यांच्या खोळी फाटलेल्या. दोन दिवसांनी काकूंचा मुलगा माझ्याकडे आला. मान खाली, आवाज मऊ. "वहिनी, चाचाले सांगा ना. गाद्या भरी दे म्हना. तुम्हनं ऐकी तो." मला हसावं की त्याच्या थोबाडीत द्यावी, कळेना. तरी गेले. गाद्यांसाठी नाही. ते घर गावात राहायला हवं होतं म्हणून गेले.

थांब्याजवळ टेम्पो उभा होता. मशीन वर चढलेलं. चाचा दोरी आवळत होता, त्यानं नुसती मान हलवली. लेक ड्रायव्हरशेजारी बसली होती, पोटावर हात ठेवून. चाची खोलीला कुलूप लावत होती. शहाद्याला भावाकडे निघाले होते. मी तिचा हात धरला. म्हटलं, चाची, चूक कळली सगळ्यांना, म्हाताऱ्यांनी स्वतः सांगितलं, आता कुणी काही करणार नाही, मी आहे ना. जे जे सुचलं ते सगळं बोलले.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुम्ही घर व्हतात म्हनीसन वाचनूत आम्ही. तुम्ही घर नसतात तर?"

मी तिचा हात सोडला. गाद्या फाडल्या त्या दिवशी नवऱ्याची औषधं आणायला मी सकाळीच शहाद्याला जाणार होते. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. पहिली एसटी आली नाही, म्हणून घरी होते.