पहिल्या पोळीची मालकीण

सोमवार: वनाधिकारी. मंगळवार: पशुवैद्यकीय अधिकारी. बुधवार: वॉर्डाचे अधिकारी. आणि या सर्वांच्या आधी, ईमूपालनाचा धंदा बुडाल्यावर कुंपणाचे फाटक उघडे टाकून निघून गेलेला तो गृहस्थ. माझ्या ग्वाल्हेरच्या प्रवासाचे जे झाले, त्याला एवढे जण जबाबदार आहेत. किल्ला मी रिक्षातूनच पाहिला.

रविवारी सकाळी स्टेशनवर उतरून बिर्लानगरचा पत्ता सांगताच रिक्षावाला हसला. “शुतुरमुर्गवाली अम्मा के यहाँ?” शुतुरमुर्ग म्हणजे शहामृग. हा पक्षी शहामृग नसून ऑस्ट्रेलियातला ईमू आहे, हे मी त्याला समजावले. “अंकल, लात तो वही है,” तो म्हणाला.

माझी थोरली बहीण दारातच उभी होती. उजवा हात प्लास्टरमध्ये. गायीसाठी पहिली पोळी मागच्या दाराशी ठेवण्याचा तिचा नेम जुना. गाय येईनाशी झाली आणि बंद गिरणीच्या आवारातून हा माणसाएवढा उंच पक्षी येऊ लागला. एके दिवशी पोळीला उशीर झाला. त्याने दारावर लाथ घातली. दारामागे ताई होती.

“तरी तू त्याला वाढतेस?”

“उपाशी परत पाठवू काय? रोज येतो, चुपचाप खातो. त्या दिवशीच दिमाग फिरला बिचाऱ्याचा.”

सोमवारी वनाधिकारी म्हणाले, पक्षी येथील वन्य नव्हे. मंगळवारी पशुवैद्य म्हणाले, मालकाविना पक्षी पाळीव नव्हे, मालक आणा. त्याच सायंकाळी बेडई (उडदाची डाळ भरलेली पुरी) आणि बटाट्याची झणझणीत भाजी खाऊन मी तीन पानी तक्रार लिहिली. घटनाक्रम निर्विवाद असावा म्हणून त्यात स्पष्ट नमूद केले: ‘माझी भगिनी सदर पक्ष्यास नित्यनेमाने अन्न देते.’

बुधवारी वॉर्डाच्या अधिकाऱ्यांनी ते वाक्य लाल शाईने अधोरेखित केले. “बस, बाबूजी! मालिक मिल गया.”

शुक्रवारी ताईच्या नावे नोटीस आली: आपल्या पाळीव पक्ष्यास सात दिवसांत आवर घालावा, अन्यथा दंडात्मक कारवाई होईल.

ताईने ती दोनदा वाचली. “वाह रे बाळू! तीन ऑफिसं फिरलास आणि पक्षी माझ्याच मत्थे मढलास. पोळी बंद केली तर लाथ, दिली तर मी मालकीण. आता तुझा कायदा काय म्हणतो, सांग.”

चाळीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहून दिले; कोणाला असे गोत्यात आणले नव्हते.

पुण्याला परतताना गाडीत हे लिहीत आहे. ते एक वाक्य माझे. ती चूक मी येथे जाहीरपणे मान्य करतो. आता नोटिशीवर सही करणाऱ्यांनीही जाहीर उत्तर द्यावे. पोळी वाढणारी बाई मालकीण आणि फाटक उघडे टाकणारा मोकळा, हे कोणत्या कलमात लिहिले आहे? ते कलम त्यांनी ताईच्या मागच्या दाराशी उभे राहून, गल्लीसमक्ष मोठ्याने वाचावे. वेळ पहिल्या पोळीची ठेवावी. पक्षी हजर असेल.