मिठाच्या पुडीवरचं वाचन

झुंबरबाईंना आमच्या शाळेत पंधरा वर्षं झाली, मला सहा. तरी कागदावर मी मुख्याध्यापिका आणि त्या 'स्वयंपाकी तथा मदतनीस'. खर्ड्याजवळच्या एका वस्तीवरची ही दोन खोल्यांची शाळा, एकतीस मुलं, आणि मागे पत्र्याची किचन शेड. रोज खिचडी शिजली की मी चमचाभर चाखायची आणि चव रजिस्टरमध्ये 'उत्तम' लिहायचं, असा नियम. मीठ जास्त झालं तरी उत्तमच. झुंबरबाईंना माझ्या शेऱ्याशी काही देणंघेणं नसे; त्या मुलांच्या ताटांकडे बघत. चाचणीच्या दिवशी तांदूळ मुद्दाम कमी टाकत.

"आज पोरं जेवत न्हाईत म्याडम. पोटात भ्याव बसलं की भात कुठं मावतोय?"

मी हसायचे. तालुक्याला तीन दिवस 'ताणमुक्त शिक्षणा'चं प्रशिक्षण घेऊन आलेली बाई मी. माझ्याकडे त्याचं प्रमाणपत्र होतं.

बाई एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, कल्याण नावाचा मुलगा चाकणला कंपनीत. त्याचा फोन रविवारी येई, तोही शिफ्ट नसली तर. भांडी घासून झाली तरी त्यांना घरी जायची घाई नसे. "घरी जाऊन भिताडाशी बोलू का?" म्हणत आणि उद्याचे तांदूळ आजच निवडत बसत.

दिवाळीनंतर चौथीतली इन्शा वाचेनाशी झाली. सहामाहीपर्यंत धडे घडाघडा वाचणारी पोर. आता पुस्तक उघडलं की ओठ हलत, पण आवाज फुटत नसे. गुणाकारात हातचा विसरे. मी आधी समजावलं, मग रागावले, मग आठवडाभर तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. शेवटी तिच्या वडिलांना बोलावलं. तौसीफभाई टेम्पो चालवतात. त्यांच्याकडून कळलं की इन्शाची आई जहिरा नगरला दवाखान्यात आहे, गाठीचं ऑपरेशन झालंय, अजून उपचार चालतील. लेकीला मात्र सांगितलेलं, अम्मी नेवाशाला मामूकडे गेलीय.

"लहान हाय म्याडम ती. कशाला तिच्या जिवाला घोर?"

घोर लागायचा तो लागलाच होता. घरातली कुजबुज तिला ऐकू येत होती आणि विचारायची चोरी होती. हे सगळं कळूनही मी काय केलं? 'अप्रगत' मुलांच्या यादीत तिचं नाव लिहून मोकळी झाले. जानेवारीत केंद्रप्रमुख वाचन तपासायला येणार होते, मला यादी पूर्ण करायची होती.

त्याच सुमारास एका दुपारी झुंबरबाई माझ्याकडे आल्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"म्याडम, कुनाला सांगू नका. इन्शा वाचती! रोज मधल्या सुट्टीत मला वाचून दावती."

"काय वाचते?"

"मिठाची पुडी, तेलाची पिशवी. काल तर पेपरचा आख्खा तुकडा वाचला."

"माझ्यापुढे तोंड उघडत नाही, तुमच्यापाशी कशी वाचते?"

"मला वाचाया येत न्हाई ना! चुकलं तरी मला कुठं कळतंय? तिला ठावं हाय ते."

मग सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं सांगितलं. दुसरीत असताना त्यांचे वडील विहिरीच्या कामावर दगावले. "बाप गेला आन् म्हैनाभरात माझी समदी अक्षरं गेली. गुरुजी म्हनले, मठ्ठ हाय. मी बी तेच खरं धरलं. आज इन्शाला बघून वाटतंय, मी मठ्ठ नसंल."

मला गलबलून आलं आणि आनंदही झाला. शिकलेल्या माणसाला होतो तसला, अडाणी आनंद.

केंद्रप्रमुख आले त्या दिवशी मी भर वर्गात म्हणाले, "इन्शा, झुंबरबाईंना वाचून दाखवतेस ना, तसंच साहेबांना दाखव. मला माहितेय सगळं." मला वाटलं, पोरीला धीर देतेय. तिनं दाराकडे पाहिलं. दारात झुंबरबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. पोरगी त्यांच्याकडे नुसती बघत राहिली, एक अक्षर बोलली नाही. मग तिच्या पायांवरून फरशीवर ओघळ आला आणि मागची मुलं हसली.

साहेबांनी शेरा लिहिला, मी त्यांना चहा दिला. लाज त्यानंतर वाटली, ती अजून वाटते.

दुसऱ्या दिवसापासून इन्शा किचन शेडकडे फिरकली नाही. ताट घेऊन लांब कुंपणाशी बसे. झुंबरबाई हाक मारत, ती मान वर करत नसे. चूक माझी होती, तसं मी त्यांना म्हटलंही.

"तुमी परक्या म्याडम," त्या म्हणाल्या. "मी तिची हुते. माझ्याच तोंडातून गेलं."

फेब्रुवारीअखेर जहिरा घरी आली, अशक्त झालेली. मी तिच्या घरी जाऊन गळ घातली, आणि तिनं लेकीला जवळ बसवून सगळं खरं सांगितलं. दोघी खूप रडल्या म्हणे. त्यानंतर महिनाभरात इन्शा वर्गात वाचू लागली, आधी पुटपुटत, मग खणखणीत. आता पाचवीला ती खर्ड्याच्या मोठ्या शाळेत जाईल.

निकालाच्या दिवशी मी हे सांगायला किचन शेडमध्ये गेले. झुंबरबाई एकट्याच परात पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

"वाचती ना आता?"

"घडाघडा."

"मंग झालं. पोरगी सुटली."

एवढं बोलल्या आणि डोळे पुसायला लागल्या. मी शेजारी बसले. म्हटलं, "जूनपासून मी रोज पेपर आणत जाईन. तुम्हाला वाचून दाखवीन."

त्यांनी मान हलवली.

"तुमी नका म्याडम. तुमी भराभरा वाचताल. ती एकेका अक्षराला अडायची, तवा मी तिच्यामागं बोट फिरवायची. बारा अक्षरं आल्ती मला परत."