आक्काचा फॉर्म मी भरला

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, मुलाला नाही, आणि जिचं नुकसान केलं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही कोणी खास आहात म्हणून नव्हे — तुम्ही आमच्या घरी येत नाही, म्हणून. आमच्या घरी येणारा प्रत्येक जण मला सरळ माणूस समजतो. ‘विलासनं बघितलंय ना, मग बघायला नको.’ हे वाक्य ऐकलं की अलीकडे माझी कानशिलं तापतात. राग कोणाचा, ते तुम्हाला कळेलच.

वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. सत्तावीस वर्षं. गाड्यांचे सुटे भाग येतात, मी मोजतो. मापात बसला तर पुढं, नाही बसला तर लाल चिठ्ठी लावून बाजूला. आमच्या कामाला एकच नियम आहे — जे मोजलं नाही त्याचा आकडा लिहायचा नाही. अंदाजानं भरलेला रकाना मला लांबून ओळखता येतो. एका माणसाला मी यावरून सगळ्या विभागासमोर असा झापला होता की त्यानं महिन्याभरात काम सोडलं. त्यानं एका लोखंडी दांड्याची जाडी न मोजता लिहिली होती. दांड्याची. मी काय लिहिलं, ते पुढं येईल.

सहा वर्षांपूर्वी आम्ही सुंदरबन बघायला जायचं ठरवलं. मुक्ता तेव्हा सोळाची, ओम अकराचा. मोठं जहाज नको होतं. वीस-पंचवीस माणसांचं छोटं जहाज, राहायचं त्याच्यावरच, आणि प्राणी-पक्षी बघायला त्याच्यावरून होडीत उतरून खाड्यांमध्ये शिरायचं — असं काहीतरी. मी तीन महिने वाचत होतो. सात जहाजं निवडली आणि तक्ता केला. खोल्या किती, प्रवासी किती, किती प्रवाशांमागं एक जाणकार वाटाड्या, जवळचं हॉस्पिटल किती तासांवर — असे अकरा रकाने. सात गुणिले अकरा, सत्त्याहत्तर चौकोन, आणि एकही रिकामा नाही. फोन करून, मेल पाठवून एकेक आकडा मिळवला होता. मला त्या कागदाचा अभिमान होता. सांगायला लाज वाटते, पण होता.

आक्का आमच्याबरोबर येणार होती. तिला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं; ती असणार हे धरलेलंच होतं. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, तेरा वर्षांनी मोठी. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न केलं नाही. मुकुंदवाडीत दोन खोल्यांत एकटी राहते. दर रविवारी सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून एसटीनं पैठणला जायची, नाथसागराच्या काठानं सहा-सात किलोमीटर चालायची आणि दुपारपर्यंत परत. मला पहिला फ्लेमिंगो तिनं दाखवला. माझ्या मुलांनाही तिनंच दाखवला. मी मुलांना काय दाखवलं होतं? आठवावं लागेल.

तर एका रविवारी दुपारी, उस्मानपुऱ्यात आमच्या घरी, जेवणं झाल्यावर मी तो तक्ता टेबलावर पसरला. आक्का पैठणहून थेट आली होती, चपलांना चिखल होता. तिनं चष्मा लावून कागद वाचला. नीट वाचला, वरून खालपर्यंत. मग म्हणाली, “लई मेहनत घेतलीस रे. पण मला एक सांग, वाघ जहाज बघायला येणारंय का?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हणजे जनावर दिसणार ते होडीतून. मग होडीत किती माणसं बसवतात? आणि खाडीत गेल्यावर इंजिन बंद करून किती वेळ थांबतात? ते कुठंय ह्यात?”

ते त्यात नव्हतं. सत्त्याहत्तर चौकोनांत कुठंच नव्हतं.

मुक्ता हसली. “बाबा, टॉवेल किती देतात तेपण आहे, आणि होडीचं नाही.” सुनंदा, माझी बायको, तीही हसली. आणि आक्का माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, “कारखान्यात पण असंच मोजतो का रे? जे सोपंय तेवढं?”

सगळे हसले. मीही हसलो. ही चेष्टा होती, आमच्या घरात नेहमी चालते तशी. तिच्या मनात काही नव्हतं. मला हे तेव्हाही माहीत होतं — हे लक्षात ठेवा, कारण गैरसमज झाला अशी सबब मला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सातही ठिकाणी पुन्हा फोन केले. होडीत माणसं किती, इंजिन बंद किती वेळ. बारावा रकाना, तेरावा रकाना. माझ्या तक्त्यात पहिलं आलेलं जहाज पाचव्या नंबरावर गेलं. चौथं होतं ते पहिलं आलं. तिचं बरोबर होतं. मी तिचं जहाज ठरवलं आणि त्याच संध्याकाळी पक्ष्यांचं एक पुस्तक विकत आणलं. पाठ करायला लागलो. खंड्या किती प्रकारचे, बगळे किती प्रकारचे. माझी एकच इच्छा होती. मुलांनी होडीत बोट दाखवून विचारावं, ‘बाबा, तो कोणता?’ बाबा. आत्या नव्हे.

एवढंच? हो, एवढंच. यापेक्षा मोठं कारण असतं तर मला स्वतःचा कमी संताप आला असता.

मग फॉर्म आले. प्रत्येक प्रवाशाच्या तब्येतीचा एक. घरातले सगळे फॉर्म मीच भरतो. आक्काचेही — तिचा बँकेचा, तिच्या पेन्शनचा हयातीचा दाखला, सगळं. त्यात प्रश्न होता: हलत्या पाण्यावर जहाजातून होडीत उतरणं-चढणं प्रवाशाला आधाराशिवाय जमेल का? आणि पुढचा: गेल्या वर्षभरात तोल जाऊन पडल्याचा प्रसंग घडला आहे का?

मी कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, शांतपणे बसून तो भरला. रागाच्या भरात नाही. पहिल्या प्रश्नाला लिहिलं — नाही. दुसऱ्याला लिहिलं — हो, एकदा.

दुसरं खरं होतं, बघा. मी किती काटेकोर आहे ते यावरून दिसेल. त्या हिवाळ्यात नाथसागराच्या काठावर हंसांचा थवा उतरताना ती मान वर करून मागं सरकली, आणि चिखलात बसली. एका हातानं दुर्बीण डोक्यावर उंच धरलेली, आणि हसत होती. “दुर्बीण वाचली रे, बाकीचं धुता येतं.” स्वतः उठली आणि पुढं दोन किलोमीटर चालली. मी तिथं होतो. ते पडणं मी फॉर्मात भरलं. चालणं भरलं नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र साफ खोटं होतं. मी ते मोजलं नव्हतं — नाही, त्याहून वाईट. मोजलं होतं, माप बरोबर होतं, आणि तरी मी लाल चिठ्ठी लावली.

फॉर्मावर तिची सही लागत होती. मी मुकुंदवाडीला गेलो. ती ओट्याशी मेथी निवडत होती. पदराला हात पुसून तिनं सही केली. वाचलं नाही. वाचता येतं तिला, इंग्रजीही येतं. पण “तू बघितलंस ना” म्हणाली आणि मेथीकडे वळली. तेव्हा मी म्हणू शकलो असतो, एकदा नजर टाक. नाही म्हणालो.

चार दिवसांत उत्तर आलं. सभ्य भाषेत लिहिलं होतं — दिलेल्या माहितीवरून या प्रवाशाला घेणं सुरक्षेच्या दृष्टीनं योग्य वाटत नाही, क्षमस्व. त्यांची काय चूक? त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांनी ठरवलं. मी ते फोनवर तिला दाखवलं. फॉर्मात काय लिहिलं ते दाखवलं नाही. म्हणालो, वय बघून ठरवत असतील. तिनं दोनदा वाचलं. मी वाट बघत होतो की ती भांडेल. आयुष्यभर शिक्षणाधिकाऱ्यांशी भांडलेली बाई. तिनं भांडायला हवं होतं.

“बरोबरंय त्यांचं,” ती म्हणाली. “बासष्ट झाले की. आपल्याला कळत नाही, लोकांना दिसतं.” मग गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. “मुक्ताला दे. आणि तिला म्हणावं, खाडीत बडबड करू नको.”

आम्ही गेलो. जहाजाच्या बाजूला होडीत उतरायला शिडी होती. चार पायऱ्या, प्रत्येक सात इंचांच्या आसपास, दोन्ही बाजूंना कठडा. वर एक खलाशी, खाली एक. दोघंही प्रत्येकाचा हात धरायचे, माझाही. आमच्याबरोबर सोलापूरच्या एक आजी होत्या, गुडघे बदललेल्या. त्या पहिल्या दिवशी अंगणात उतरावं तशा उतरल्या. ते बघून मला काय वाटलं असेल? लाज? नाही. मला भीती वाटली, मुक्ताच्या लक्षात येईल याची.

तिच्या लक्षात आलं. होडीत बसल्यावर म्हणाली, “आत्या आरामात उतरली असती, बाबा.”

मी म्हणालो, “नियम असतात.”

होडीचं इंजिन बंद झालं. आक्कानं सांगितलं होतं तशी शांतता होती. चिखलावर मगर होती, वर खंड्या, तपकिरी पंखांचा. मला नाव पाठ होतं. मुलांनी मला विचारलं नाही. मुक्तानं वही काढली, खंड्याचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं — आत्याला विचारायचं. चार दिवसांत तिनं अशी सव्वीस चित्रं काढली. मी मोजली.

परत आलो तेव्हा आक्का पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावायला लागली होती. तुम्ही म्हणाल, वयानं होतं. तेच म्हणू नका. मी माप घेणारा माणूस आहे. आधीचं माप मला माहीत आहे, नंतरचंही. आधी पैठण दर रविवारी, मग महिन्यातून एकदा, मग बंद. “काठावर तोल जायचा, कोणाला त्रास.” वर्षाच्या आत काठी आली. सुनंदानं तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, काही झालेलं नाही, चाला. बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, “चांगला माणूस आहे. तोंडावर सांगत नाही.” डॉक्टरवर तिचा विश्वास बसेना. त्या जहाजवाल्यांवर बसला होता. त्यांना ती ना नात्याची ना ओळखीची, ते कशाला खोटं सांगतील?

आणि आता गेल्या महिन्यातलं. इथंपर्यंत वाचताना तुम्हाला माझ्यासाठी एखादी पळवाट सापडली असेल, तर ती इथं बंद होते.

मुक्ता आता पुण्यात नोकरी करते. गेल्या महिन्यात घरी आली ती आत्याला न्यायचंच असं ठरवून. तेच जहाज, तीच खाडी, फक्त त्या दोघी. आक्का आमच्याकडे आली होती, काठी खुर्चीला टेकवून बसली होती. मुक्तानं फोनवर जहाजाचा फोटो दाखवला. आक्कानं तो हातात घेऊन मोठा केला, शिडीपाशी नेला, बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मी बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

मग फोन परत दिला. “मला नाकारलंय ग तिथं. लेखी आहे.”

“आत्या, त्या शिडीला चार पायऱ्या आहेत. मी बघितल्यात. बाबा, सांगा ना तिला. तुम्ही पण उतरलात.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं. फॉर्ममध्ये चूक झाली होती, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मुद्दाम केली हेही सांगायची गरज नव्हती. माझा खोटेपणा झाकूनसुद्धा मी तिला तिचे पाय परत देऊ शकत होतो. इतकं स्वस्तात मिळत होतं.

मी म्हणालो, “पाणी हलतं असतं. कशाला धोका घ्यायचा?”

फॉर्म परत मागवला, जुनी उत्तरं निघाली, मुक्तानं वाचली, तर — हा हिशोब माझ्या डोक्यात तेवढ्या दोन सेकंदांत झाला. हिशोबात मी तरबेज आहे.

मुक्ता माझ्याकडे बघत राहिली. आक्कानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. “बघ,” ती म्हणाली, “आणि विलास काही न मोजता बोलत नाही.”

थोड्या वेळानं ती निघाली. दारात थांबून तिनं काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा माझ्यापुढं केला. जहाजाच्या शिडीला चार पायऱ्या होत्या. आमच्या दाराला पाच आहेत, एका बाजूचा कठडा तुटलेला. ती पाचही पायऱ्या उतरली, माझा हात धरून, आणि खाली पोचल्यावर मला म्हणाली, “तू आहेस म्हणून बरंय.”