नऊशे नव्व्याण्णव आणि एक

दुसऱ्या महायुद्धाची पहिली वर्षं. आमच्या राई गावातल्या मुली चौथीनंतर घरी बसत आणि मी मात्र भाईंदरच्या शाळेत पाचवीला जात होते. थोरल्या काकांना हे रोज नव्याने खुपायचं. बाबांनी त्यांच्याकडून एका वर्षाची मुदत मागून घेतली होती. तेवढ्यात पोरीच्या शिक्षणाचा घराला उपयोग दिसला तर शाळा, नाहीतर मिठागरावर टोपली. मला शाळा जिवापाड आवडायची, त्यामुळे उपयोग दाखवायला मी टपूनच बसले होते. तेवढ्यात वर्गात दशांश अपूर्णांक आले.

आमचं मिठागर चार एकरांचं, खाडीला लागून, तिघा भावांत सामाईक. हिस्सा आण्यांत सांगायची रीत होती. अख्खी वस्तू म्हणजे सोळा आणे, मग ते मिठागर असो की फणस. बारा पैंचा एक आणा, म्हणून प्रत्येक भावाचा हिस्सा पाच आणे चार पै. तीनदा मिळवा, बरोब्बर सोळा आणे भरतात.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना मी एका संध्याकाळी ओटीवर गेले. तिघे भाऊ चहा पीत होते. मी पाटी पुढे धरून ऐटीत म्हटलं, "आता आणे जुने झाले. तुमचा एकेकाचा हिस्सा शून्य दशांश तीन तीन तीन. म्हणजे हजारातले तीनशे तेहेतीस."

बाबांची छाती फुगली. मधले काका शाळेची पायरी चढले नव्हते, पण पाढे त्यांना माझ्याहून चांगले येत. त्यांनी बशी खाली ठेवली.

"तीन येला तीनशे तेहेतीस म्हंजे नवशे नव्यान्नव. मंग येक कुटं गेला?"

खरं म्हणजे गुरुजींनी फळ्यावर तीनच्या पुढे टिंबं दिली होती आणि मी ती कंटाळा करून गाळली होती. पण पाटीवर एकदा पडलं की आमच्या घरी ते खरंच असे.

"उरल्याला थोरल्याचा," थोरले काका म्हणाले. "रीतच हाय तशी."

"आसली रीत न्हाय!" मधले काका कडाडले.

दुसऱ्या दिवशी तिघेही मिठागरावर. चार एकरांचा हजारावा भाग म्हणजे एक झोपडं उभं राहील एवढी जागा. मधल्या काकांनी ती पावलांनी मोजली आणि नेमकी तिथे मोजली, जिथून झडप उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं. पाणी ज्याच्या हातात, मीठ त्याच्या हातात. इतकी वर्षं त्या जागेवरून कोणी शिंकलंसुद्धा नव्हतं. आता बाबाही बाह्या सरसावून उभे राहिले. रात्री तिघे तीन दिशांना तोंडं करून जेवले, आणि थोरल्या काकांनी निकाल दिला, "पोरगी शिकली आन् घर फुटलं. परवापासनं शाला बंद."

मी रात्रभर रडले. सकाळी शाळेत जाऊन सगळं गुरुजींना सांगितलं. ते हसले. मला त्यांचा भयंकर राग आला. "अगं, तीनवर थांबायला तुला सांगितलं कुणी?" ते म्हणाले. "लिहीत राहा."

मी घरी पळत आले. तिघांना ओटीवर बसवलं आणि तीनच्या पुढे आणखी एक तीन लिहिला. "आता उरलेली जागा चटईएवढी." आणखी एक तीन. "आता सुपाएवढी." तिघे पाटीवर वाकले. सहाव्या तीनला तळहात झाला, आठव्याला चिंचोका. मधल्या काकांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांची झडपेजवळची जागा डोळ्यांदेखत आटत होती. नवव्या तीनला मी म्हटलं, "आता मिठाचा एक खडा."

थोरले काका खो खो हसत सुटले. आमच्या घरात मिठाच्या खड्यावरून भांडायचं म्हणजे समुद्रकाठी पाण्यावरून भांडण्यासारखं होतं. मग बाबा आणि मधले काकाही हसले.

"पन त्यो खडा कुनाचा?" मधल्या काकांनी शेवटचा चिवटपणा केला.

"हिचा," थोरले काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "तिनंच सोदलाय. जा गो, शालंत जा."

आमच्यात मुलींना मिठागरात हिस्सा नसे. माझ्या आत्यांना नव्हता, पुढे माझ्या बहिणींनाही मिळाला नाही. तिघा भावांनी राजीखुशीने मला दिलेला तो खडा एवढाच काय तो बायकांचा वाटा.

पुढे मी मास्तरीण झाले आणि तीस वर्षं गणित शिकवलं. फळ्यावर एक तृतीयांश करताना मी दोनच तीन लिहून खडू खाली ठेवायची. पोरी विचारायच्या, "बाई, पुढची टिंबं?" मी म्हणायची, राहू दे. जितकं लवकर थांबावं, तितका माझा वाटा मोठा.