न फुटलेल्या बोंडांचं सीतादही

गेल्या रविवारी साखरखेर्ड्याला एका बैठकीला गेले होते. शाळेचा हॉल, गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि विषय असा की ऐकूनच मला घाम फुटला... 'मला आतून जाग कधी आली?' सगळ्या धर्मांची माणसं येणार आणि प्रत्येकानं आपला अनुभव सांगायचा.

बोलावलं होतं आमच्या शाळेतल्या जुन्या सरांनी. त्यांना नाही म्हणायची हिंमत या वयातही होत नाही. मी दुसरबीडला ब्लाऊज शिवते हो... माझा मोठ्यात मोठा साक्षात्कार म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं असताना कळतं, बाही उलटी जोडलीय!

गंमत करतेय, पण आत दुखत होतं. आई गेल्यापासून माझे हात नुसते सवयीनं जोडले जातात. शेगावला रांगेत उभी राहिले, दर्ग्यात चादर चढवली, एका मैत्रिणीबरोबर चर्चमध्येही बसून आले. सगळीकडे माणसं चांगली भेटली, आणि मी आपली कोरडीच परत आले... एकदा तरी आत काहीतरी हलावं, एवढंच हवं होतं.

बैठक सुरू झाली. एक रिटायर्ड कंडक्टर काका विपश्यनेबद्दल बोलले. सुरुवातीला डोळे मिटले की फक्त गुडघे आठवायचे म्हणे, आणि मग एका पहाटे उगाचच रडू आलं. दवाखान्यातल्या एक सिस्टर बोलल्या. मला प्रत्येकाचा हेवा वाटत होता, खोटं कशाला सांगू?

मग जमीलाखाला, म्हणजे जमीलामावशी, उठल्या. त्यांच्या शेतात माझी आई वर्षानुवर्षं कापूस वेचायला जायची. वेचणाऱ्या बायांमध्ये ती सगळ्यांच्या पुढे असायची. खालांनी मला पाहिलं आणि माझ्याकडे बघतच बोलायला लागल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. कपाशीच्या एका झाडाखाली खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा, थोडा शेतात शिंपडायचा... मगच ओटीत कापूस. शेत हिंदूचं असो की मुसलमानाचं, त्याशिवाय बाया बोंडाला हात लावत नसत. खालांच्या शेतात दही खालांच्या घरचं असायचं आणि खडे माझी आई मांडायची.

खाला सांगत होत्या ते बोंडअळीच्या वर्षाचं. अळी न लागणारं बीटी बियाणं पेरलंय, अळीची काय काळजी, असंच सगळे धरून चालले होते. झाडं कमरेच्या वर गेली, बोंडं लागली, पण फुटेनात. फोडून पाहिलं तर आत गुलाबी अळी... खालांच्या नवऱ्यानं, चाचांनी, उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवायचं ठरवलं. यंदा कसलं सीतादही, असं म्हणून बायांना निरोपही गेला.

"नमाजले बसो, पन मन लागे ना," खाला म्हणाल्या. "म्या मनात म्हटलं, खुदा, मले आता तुह्याशी बोलायचंच नाही."

आणि त्या सकाळी माझी आई एकटीच डबा घेऊन त्यांच्या शेतात आली.

"म्या तिले म्हटलं, काऊन आली वं? वेचाले तं काहीच नाही. तं म्हणे, वेचाले नाही आली. या वावरानं इतके वर्ष आपल्याले खाऊ घातलं. आज त्याच्यापाशी काही नाही, तं आपुन त्याले उपाशी ठेवाव का?"

खाला म्हणाल्या, ती बाई खडे मांडत होती आणि मी बाजूला उभी राहून रडत होते. त्या दिवशी घरी जाऊन त्या नमाजला बसल्या, आणि तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू झालं. "हेच माह्यं जागं होनं," एवढं बोलून त्या खाली बसल्या.

मला तो दिवस आठवला... आई सकाळी डबा घेऊन गेली आणि लवकरच परत आली. मी विचारलं तर म्हणाली, "वेचणी नोती." बाकी एक अक्षर नाही. तेव्हा मी नवऱ्याचं घर सोडून तिच्याकडे आले होते. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची, जेवायची नाही.

चहाच्या वेळी मी खालांना बाजूला घेतलं. विचारू की नको असं झालं होतं, पण विचारलंच... देवापुढे आईनं माझ्यासाठी काही मागितलं का हो?

"नाही बाई. काहीच नाही मांगलं. तुह्यासाठी नाही अन् सोतासाठी बी नाही. भात ठेवला अन् वावराले म्हणे, 'जेव वं माय.' बस."

मी कप खाली ठेवला. त्या दिवसांत रोज माझ्यासमोर ताट सरकवून आई हेच म्हणायची... 'जेव वं माय.' रागावणं नाही, समजावणं नाही. मी जेवेपर्यंत नुसती शेजारी बसून राहायची.

चहानंतर सरांनी माझं नाव पुकारलं. उभी राहिले, पण रडूच आलं. सर म्हणाले, बस बेटा, पोचलं.

आता खालांच्या शेतात सोयाबीन असतं, आणि सोयाबीनला सीतादही कुणी करत नाही. मी एकटीच राहते. शिवणकामात जेवायची वेळ टळते, कधी मशीनवर बसूनच दोन घास खाते.

खाला, तुमचे उपकार कसे फेडू? तुमच्यामुळे इतक्या वर्षांनी आईचा आवाज कानात आला. पण आता रोज जेवायला बसले की वाटतं, समोर बसून कुणीतरी तसं म्हणावं... त्याचं काय करू?