चौदा नंबरचा खांब

"खांब खराब न्हाई, पोरी. सहीच पायजे आसंल तर दुसऱ्या कुनाची घे."

"अहो क्लॅरी, चौतीस दिवस झाले. रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी चौदा नंबरचा खांब सांगतो, एक गाडी आत आली. पंधरा नंबरचा म्हणतो, बाहेर पडलीच नाही. मग ती गाडी जाते कुठं? जमीन गिळते?"

"गिळती की. हितली जमीन काय बी गिळती."

टेगन हसली नाही. राजधानीच्या रस्तेखात्यातली ही इंजिनीयर माझ्या पेट्रोलपंपावरच्या टेबलावर कागद पसरून बसली होती. वॅलगारा ते कुरबिल्ला या दोनशे किलोमीटर मातीच्या रस्त्यावर सरकारनं एकसष्ट खांब रोवले होते. खांबाला डोळा. गाडी गेली की मोजायची. ती पुढच्या खांबापाशी वेळेत पोचली नाही तर टेगनच्या आणि क्लॅरीच्या फोनवर हाक मारायची. राज्यभर असे खांब लावायला पैसा ओतायचा की नाही, ते आमच्या रस्त्यावर ठरणार होतं. "डांबर मागितलं तर डोळे दिले," म्हणून गाव खिदळत होतं. खांबांच्या बाजूनं एकटा क्लॅरी डूली. सव्वीस वर्षं या रस्त्यावर ग्रेडर, म्हणजे पात्यानं माती सपाट करायचं यंत्र, चालवणारा, मोबाईलचं बटण अंगठ्यानं दाबावं की ठोसा मारावा हे अजून न कळलेला गडी.

त्याला कारण त्याचा थोरला भाऊ, नेव्ह. अकरा वर्षांमागं चौदा नंबरच्या पुढच्या वळणावर नेव्हची पांढरी गाडी रस्ता सोडून ओघळीत गेली. ओघळ रस्त्यावरून दिसत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी क्लॅरी ग्रेडर घेऊन तिथनं आला आणि पातं टाकून वळण साफ केलं. कडेला भावाच्या चाकांच्या खुणा होत्या, त्याही नकळत साफ केल्या. शोधायला गेलेल्यांना रस्ता नुकत्याच लिंपलेल्या भिंतीसारखा दिसला. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी जागा दाखवली. डॉक्टर म्हणाला, दोन दिवस जिवंत होता.

"एकच खांब बंद करू द्या," टेगन समजावत होती. "अशा खोट्या हाका वर गेल्या तर मंत्रालय सगळी योजना गुंडाळेल. शुक्रवारी मला अहवाल द्यायचाय. रस्त्याचा माणूस म्हणून तुम्ही लिहून द्या, खांब खराब आहे. एक गेला तर साठ वाचतील."

"त्या साठांस्नी ही वघळ दिसत न्हाई."

"रोज हाक आली की तुम्ही जाऊन बघता ना? काय सापडतं?"

"काय न्हाई."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी परत बगतो."

बुधवारी ती त्याच्याबरोबर गेली. आमच्याकडं समोरून गाडी आली की स्टिअरिंगच्या चाकावरचं एक बोट उचलायचं. ओळख असो नसो. समोरच्यानं उचललं नाही तर गडी झोपलाय नाहीतर मेलाय असं धरून मागं वळायचं. क्लॅरीनं वळणाच्या अलीकडं गाडी उभी केली. ऊन असं की मुल्गाची झाडंही सावली आवरून बसलेली. वारा नाही. तीन दहाला फोन वाजला: एक आत. वळणावर धूळ उठली, गाडीमागं उठते तेवढीच, आणि त्यांच्या शेजारून निघून गेली. क्लॅरीचं बोट वर झालं.

"कुणाला केलंत?"

"सवय."

परतल्यावर तिनं दोन कप चहा प्यायला.

गुरुवारी क्लॅरीनं सकाळीच त्या वळणावर पातं मारलं आणि ग्रेडर घेऊन पुढं गेला. तीन वाजून गेले तेव्हा टेगन माझ्या पंपावरच होती. फोन वाजला. ती ओरडलीच, "आता दोन दाखवतोय! दोन आत, बाहेर शून्य. हा खांब वेडा झालाय." तिनं क्लॅरीला फोन लावला. "मी आत्ताच बंद करते."

"बंद कर की. पर मी बगून आल्यावर कर."

"तुम्ही रोजच बघता हो!"

"म्हनूनच," क्लॅरी म्हणाला आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासानं त्याचा फोन मला आला. वढायची गाडी आन, दोर लांब आन. मी पोचलो तर ओघळीत डाकेची गाडी चाकं वर करून पडलेली. ग्लेनिस, आमची डाकवाली, साठीची बाई, क्लॅरीच्या शर्टावर डोकं ठेवून आडवी. गळ्याचं हाड मोडलेलं, जीभ शाबूत.

"आलास? तुज्यापरीस गोगलगाय बरी," ती मला म्हणाली. मग क्लॅरीकडं वळली. "आन् तू! तुज्या भावाला सांग, रस्त्यावरनं नीट जा म्हनावं."

क्लॅरीनं पाण्याच्या बाटलीचं झाकण परत लावलं.

"पांढरी गाडी. समोरनं आला. बोट वर केलं. म्या बी केलं. मग आठावलं, ह्येच्या मढ्याच्या पेटीवर तर म्या माती टाकलीया. मान वळवून बगाय गेले, तवर चाक कडंला..." तिनं क्लॅरीचं मनगट धरलं.

तिला वर घेतल्यावर मी आणि क्लॅरी रस्त्यावर उभे राहिलो. सकाळी पातं मारलेली माती, पावडर लावल्यासारखी. तिच्यावर क्लॅरीच्या परतलेल्या ग्रेडरच्या खुणा, माझ्या गाडीच्या, आणि कडेला गेलेल्या ग्लेनिसच्या. मी दोनदा चालत जाऊन पाहिलं. चौथी गाडी त्या मातीवरून गेलेली नव्हती.

शुक्रवारी टेगननं अहवाल समोर ठेवला. क्लॅरीनं तिचं पेन घेऊन लिहिलं, 'खांब नीट आहे.' तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"खांबानं बाई वाचवली, हे मी लिहीन. पण दुसरी गाडी कसली दाखवू?"

"पांढरी दाखीव."

तिनं काय दाखवलं ते मला ठाऊक नाही. खांब बंद झाला नाही एवढं खरं. पुढच्या रस्त्यांना पैसा मंजूर झाला असंही ऐकतो. आमच्या त्या वळणावर मात्र आता कुणी बोट उचलत नाही. दोन्ही हात चाकावर, नजर पुढं, आणि गाडी जरा जोरातच.

सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला क्लॅरी ग्रेडर घेऊन तिथं गेला. डिझेल द्यायला मी मागं होतो. वळणाआधी त्यानं यंत्र थांबवलं, खाली उतरला, वाकून सगळी कड पायी तपासली. ओघळीत डोकावून आला. तेवढ्यात खिशात फोन वाजला. त्यानं काढून बघितला, परत ठेवला.

"किती?" मी विचारलं.

"एकच. चल, बाजूला हो, धूळ बसंल तोंडावर."

तो वर चढला, पातं जमिनीला टेकवलं आणि ग्लेनिसच्या चाकांच्या खुणा पुसत पुढं निघाला.